ग्राफिक कादंबरी वाचून दुसऱ्याचं दुःख खरंच कळतं का?

तुमचा प्रश्न असा, की शब्दांची कादंबरी वाचून माणूस हेलावतो हे पटतं, पण चित्रांच्या चौकटी आणि संवादांच्या फुग्यांनी भरलेल्या पुस्तकातून परक्या माणसाचं दुःख कसं पोचणार? माझ्या मते पोचतं, आणि ते बरंचसं न काढलेल्या चित्रांमुळे पोचतं.

दोन चौकटींमधली कोरी पट्टी बघा. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं मूल. मधला फटका कुणीच काढलेला नाही, तो वाचणाऱ्याच्या मनात बसतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सवरच्या आपल्या पुस्तकात हे फार छान उलगडून दाखवलंय. शिवाय सिनेमा आपल्यासाठी थांबत नाही. इथे एखाद्या चेहऱ्यापाशी हवा तेवढा वेळ थांबता येतं.

आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'मध्ये ज्यू उंदीर आहेत आणि जर्मन मांजरं. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून जिवंत वाचलेल्या त्यांच्या वडिलांची ही हकिकत, तिला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. उंदरांचे चेहरे जवळजवळ सारखे, डोळे म्हणजे नुसते ठिपके. त्यातली भीती आपणच भरतो, म्हणून ती आपली होते.

'भीमायन' (२०११) तर मला सगळ्यांत जवळचं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यता त्यात चितारलीय. ठरावीक चौकटी नाहीतच. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचा विखार ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. तहानलेल्या लहानग्या भीमाला हटकणाऱ्यांचे शब्द वाचायच्या आधीच ती नांगी दिसते, आणि पोटात खड्डा पडतो.

आता आमच्या गोव्यातलं सांगतो. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चं, नर्मदेच्या खोऱ्यातल्या आदिवासींवर आणि धरणावर. आमच्या सांगे तालुक्यात साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि विस्थापित माणसं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. तिथून उठवलेल्या, आता वालकिणीला राहणाऱ्या एका आजींना मी ते पुस्तक दाखवलं. इंग्रजी त्यांना येत नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून बोट फिरवत त्या पानं उलटत गेल्या आणि पाड्यावरच्या माणसांपाशी थांबल्या. म्हणाल्या, "ह्यांना मग कुठे नेऊन बसवलं?" नर्मदा त्यांनी कधी पाहिलेली नाही. पण नंतर बराच वेळ त्या कुर्डीत कुणाच्या कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, लागून कुणाचं कुळागर होतं तेच सांगत बसल्या, आणि मधूनच पुन्हा त्या पानाकडे बघत होत्या.

सगळ्याच ग्राफिक कादंबऱ्यांना हे साधतं असं मात्र नाही. पानोपानी अश्रू ढाळणारे चेहरे काढले की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही आणि तो कोरडाच राहतो.

तुम्ही 'भीमायन'पासून सुरुवात करा. पहिल्या खेपेला फुग्यांतला मजकूर वाचूच नका, नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. मग पुन्हा पहिल्या पानावर येऊन शब्दांसकट वाचा.