प्रेमकथा वाचणे कमीपणाचे का मानले जाते?

आपण विचारले आहे की, कार्यालयात जेवणाच्या सुटीत प्रेमकथेची कादंबरी वाचताना सहकारी हसले, ‘अजून असले वाचता?’ असे म्हणाले, आणि तेव्हापासून आपण पुस्तकाला वर्तमानपत्र गुंडाळून वाचता; तर या कादंबऱ्या खरोखरच हलक्या असतात, की हा लोकांचा पूर्वग्रह आहे? मी नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या एका गल्लीत 19 वर्षे लहानसे खासगी वाचनालय चालवले. कोणते पुस्तक कोण नेते, किती दिवसांत परत आणते आणि परत करताना काय बोलते, हे मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहत होते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हा पूर्वग्रहच आहे, आणि तो पुस्तकांपेक्षा ती वाचणाऱ्या बायकांविषयी अधिक आहे.

माझ्याकडे रहस्यकथा नेणारे अनेक गृहस्थ होते. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक लहानपणी कसे झपाटून टाकत, हे ते मोठ्या कौतुकाने सांगत. रहस्यकथेतही ठरलेला साचा असतो, शेवटी गुन्हेगार सापडणार हे ठाऊक असते आणि नायक प्रत्येक संकटातून सुटणार याची खात्री असते. तरीही रहस्यकथा नेताना कोणी खजील झालेले मला आठवत नाही. याउलट प्रेमकथा नेणाऱ्या बायका न विचारताच कारण सांगत असत : प्रवासाला जायचे आहे, डोके दुखते आहे, जड काही वाचवत नाही. काहींचे यजमान परस्पर पुस्तक बदलायला येत आणि म्हणत, ‘तिला काय, प्रेमाबिमाचे काहीही द्या.’ ते ‘काहीही’ मला फार लागत असे, कारण त्यांच्या पत्नीला काहीही चालत नाही, तिने मागच्याच आठवड्यात एक पुस्तक ‘नायिका तिसऱ्या प्रकरणानंतर स्वतःची बुद्धीच विसरते’ असे सांगून अर्धे वाचून परत केले आहे, हे मला माहीत असायचे. सर्व कादंबऱ्या सारख्याच असतात असे म्हणणारे त्या वाचत नव्हते; वाचणाऱ्यांना त्यांतला फरक चांगला कळत होता.

साच्याचा आक्षेप सगळीकडे घेतला जातो म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. प्रेमकथेत दोघांची भेट होणार, काहीतरी आडवे येणार आणि अखेर दोघे एकत्र येणार, हे वाचकाला आधीच माहीत असते, हे खरे आहे. परंतु कीर्तनाला बसलेल्या माणसालाही आख्यानाचा शेवट माहीत असतो. तो शेवट ऐकण्यासाठी येत नाही, बुवा तिथवर कसे नेतात ते ऐकण्यासाठी येतो. प्रेमकथेचे कसबही त्या ‘कसे’मध्येच आहे. दोन माणसांमधला अविश्वास नेमक्या कोणत्या प्रसंगी, कोणत्या वाक्याने ढिला झाला, हे पटेल असे लिहिणे अतिशय अवघड असते, आणि ते जमले नाही की वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

आमच्या एक सभासद एका रुग्णालयात सिस्टर होत्या. रात्रपाळी संपवून त्या थेट वाचनालयात येत, पायातली चप्पल दाराशी काढत, कपाटातून दोन-तीन पुस्तके निवडत आणि उभ्या-उभ्याच प्रत्येकाची शेवटची दोन पाने वाचून मग एक ठेवून घेत. सुरुवातीला मला ते विचित्र वाटले आणि मी एकदा म्हटले, ‘अहो ताई, अशाने गोष्टीतली मजा जाते ना?’ त्या म्हणाल्या, ‘रात्रभर वॉर्डात कोणाचं काय होणार ते कळत नाही हो. घरी गेल्यावर निदान एका गोष्टीचं तरी मला आधी कळू दे.’ त्यानंतर मी तो प्रश्न कोणालाही विचारला नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून 1984 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर इतरांचे करणाऱ्या त्या स्त्रियांना पुस्तक उघडणे म्हणजे ‘आता माझ्याकडे कोणी काही मागू नका’ असे सांगणे वाटत होते, हे निरीक्षण त्यात आहे. याच कादंबऱ्या बायकांना घरातली चाकोरी तशीच मान्य करायला लावत नाहीत ना, अशी शंकाही रॅडवे यांनी मांडली आहे आणि ती रास्त आहे. परंतु त्यांनी हसण्यापूर्वी वाचणाऱ्यांचे ऐकून घेतले.

सुखान्त म्हणजे हलके आणि शोकान्त म्हणजे गंभीर, हे समीकरण आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर रुजले असे मला वाटते. कालिदासाची शकुंतला शेवटी दुष्यंताला भेटते आणि त्यामुळे त्या नाटकाला कोणी उथळ म्हणत नाही. नायिका क्षयाने किंवा विरहाने मेली तर तीच प्रेमकथा साहित्य ठरते आणि ती जगली, तिला हवा तो माणूस मिळाला, तर मात्र ती वेळ घालवण्याचे साधन ठरते, हा न्याय मला मुळीच पटत नाही.

‘कादंबरी’ हा शब्दच पाहा. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाच्या गद्यकाव्याचे हे नाव, आणि त्या काव्यातल्या नायिकेचेही. जन्मोजन्मी चालणारी ती प्रेमकथाच आहे. मराठीने या संपूर्ण वाङ्मयप्रकाराला एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव दिले, आणि आज त्याच प्रकारातली प्रेमकथा आपण वर्तमानपत्रात गुंडाळतो. एकनाथांनी 1571 मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. घरच्यांनी ठरवलेला वर नाकारून स्वतः पत्र पाठवणाऱ्या आणि आपल्या पसंतीच्या पुरुषाबरोबर निघून जाणाऱ्या मुलीची ती कथा आहे, आणि लग्न जुळावे म्हणून तिचे पारायण करायला घरोघरी उपवर मुलींना बसवले जात असे.

आम्हा नाशिककरांना तर आणखी जवळचे उदाहरण आहे. ज्या सातवाहनांचे शिलालेख आपल्या पांडवलेण्यांत आहेत, त्यांच्यातल्या हाल राजाकडे परंपरेने ‘गाथासप्तशती’च्या संकलनाचे श्रेय दिले जाते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथा बहुतांशी प्रेमाच्या आहेत. त्यांतल्या एका गाथेत एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिक माणसाला सांगते की, बाबा, आता निर्धास्त फिर, तुला भिववणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने आज मारले. वरवर पाहता ती त्याला धीर देते आहे; खरे तर त्या झाडीत तिचा प्रियकर तिला भेटतो, म्हणून या माणसाने तिथे पाऊलही टाकू नये अशी तिची इच्छा आहे. नवव्या शतकात काश्मीरमधील आनंदवर्धनाला शब्दार्थापलीकडचा अर्थ, म्हणजे ध्वनी, समजावून सांगायचा होता, तेव्हा ‘ध्वन्यालोका’त त्याने आपल्या गोदावरीच्या काठावरची ही चोरट्या भेटीची गाथा उदाहरणादाखल घेतली. ज्या विषयावर इतके सूक्ष्म लिहिले गेले, तो विषयच क्षुद्र आहे असे कसे म्हणता येईल?

मराठीत हा तुच्छभाव सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांत प्रणय ठासून भरलेला होता, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु ते प्राध्यापक होते, ‘कलेसाठी कला’ हा वाद त्यांनी वि. स. खांडेकरांच्या ‘जीवनासाठी कला’ या भूमिकेसमोर उभा केला, 1940 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले आणि 1962 मध्ये पद्मभूषण मिळवले. चंद्रकांत काकोडकरांवर एका दिवाळी अंकातील कथेवरून अश्लीलतेचा खटला चालला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, गायिका असलेल्या योगिनी जोगळेकर, डॉक्टर असलेल्या सुमती क्षेत्रमाडे या लेखिकांनी मात्र महाराष्ट्रभरच्या वाचनालयांची कपाटे वर्षानुवर्षे भरली, तरी त्यांच्या लेखनाची चर्चा ‘बायकी वाचन’ या दोन शब्दांतच आटोपण्यात आली. माझ्याकडे या लेखिकांची पुस्तके जवळजवळ दरवर्षी बाइंडरकडे पाठवावी लागत. पाठ सुटलेली, कोपरे दुमडलेले, मागच्या चिठ्ठीवर तारखेच्या शिक्क्यांना जागा उरलेली नाही, अशा अवस्थेतली ती पुस्तके मी स्वतः पिशवीत भरून नेत असे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवून या कादंबऱ्यांचा बचाव करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. नायिका ‘नाही’ म्हणते आणि नायक ते ‘हो’ समजून पुढे जातो, अशा कादंबऱ्या मी वाचल्या आहेत आणि त्या मला अस्वस्थ करून गेल्या. नायिका नेहमी गोरी आणि नायक नेहमी गाडी-बंगलेवाला असणे, दोघांच्या जातीचा विषय एकदाही न निघणे, शेवटी तिने नोकरी सोडणे हाच आनंद मानला जाणे, हे दोषही खरे आहेत. मात्र त्या-त्या पुस्तकाचे नाव घेऊन हे दोष दाखवावेत. वाईट ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीत थोड्या नाहीत, तरी त्यांच्यामुळे कोणी सगळी ऐतिहासिक कादंबरीच मोडीत काढत नाही.

विज्ञानकथा ही मुलांसाठी असते असे समजणारेही पूर्वी पुष्कळ होते. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशिकला 94 वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा विज्ञानकथाकार जयंत नारळीकर अध्यक्ष होते, याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच्या पुढच्या वर्षी एका संस्थेने मला स्त्रियांच्या वाचनगटासाठी 20 पुस्तकांची यादी करायला सांगितले. मी विचार करून त्यात चार प्रेमकथा घातल्या आणि प्रत्येकीपुढे ती का घेतली हेही लिहिले. छापील यादी हाती आली तेव्हा 16च पुस्तके होती. विचारल्यावर ‘दर्जाचा प्रश्न आहे’ एवढेच सांगण्यात आले. त्या चारपैकी एकही पुस्तक कोणी वाचलेले नव्हते. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, सहकाऱ्यांना सगळ्या प्रेमकथांच्या वतीने उत्तर देत बसू नका. आपल्याला खरोखर आवडलेली एक कादंबरी निवडा, तिच्यातला एखादा प्रसंग चांगला का वाटला हे दोन वाक्यांत सांगा आणि ती त्यांना वाचायला द्या. नाही आवडली तर तसे सांगण्याचा त्यांना अधिकार आहे, पण वाचल्यानंतर. कव्हराविषयी म्हणाल तर मीही पुस्तकांना कव्हर घालत असे, कारण नाशिकच्या उन्हाळ्यात धूळ फार येते. मी पारदर्शक प्लास्टिकचे घालत असे, म्हणजे पुस्तकाचे आणि लेखिकेचे नाव कपाटाबाहेरूनही वाचता येते.