परतल्यानंतरचं पुणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बारा वर्षं न्यू जर्सीत राहून जूनमध्ये पुण्यात परतलो. मुलं आठ आणि अकरा वर्षांची. पावसात एका रविवारी सिंहगडावर नेलं. घाटात गाड्यांची रांग, धाकटीला ओकाऱ्या, आणि वर दही खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी दोघांची पोटं बिघडली. आता बाहेर पडायचं म्हटलं की दोघंही नको म्हणतात. (कोथरूड)

उत्तर : सिंहगड निवडलात ते बरोबरच होतं, पण पावसाळ्यातला रविवार आणि गाडीरस्ता टाळायला हवा होता. शाळेला मधल्याच वारी सुट्टी असेल तो दिवस धरा, सातच्या आत पायथ्याला पोचा आणि आतकरवाडीच्या पायवाटेने चढा. मुलांबरोबर दोन तास लागतील. घाटाची वळणंच नसल्याने ओकाऱ्यांचा त्रास होणार नाही. तरीही लगेच पुन्हा तिथे जाऊ नका. आधी पर्वती करा. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि बेताच्या, संध्याकाळी सहज जमतात. मग तळजाई किंवा वेताळ टेकडी.

चालायची सवय झाली की भाज्याची लेणी. शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरा, तिथून गावातून चालत लेण्यांच्या पायथ्याशी. एकूण २२ लेणी आहेत. मोठ्या चैत्यगृहात मान वर करून लाकडी फासळ्या मुलांना नक्की दाखवा, इतकं जुनं लाकूड पाहायला मिळणं दुर्मीळ. दक्षिण टोकाच्या विहारातली शिल्पं बहुतेक लोक न पाहताच परततात, तुम्ही तिथवर जा. परतीच्या लोकलची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, दुपारी गाड्या कमी असतात. लोहगड त्याच दिवशी जोडू नका. भाज्यातून गायमुख खिंडीमार्गे वर जाऊन परत येण्यात अख्खा दिवस जातो, आणि पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं. झिजलेल्या तळव्याचे बूट त्यावर हमखास घसरतात. त्यासाठी नोव्हेंबर चांगला.

पोटाचं म्हणाल तर इथल्या पाण्याची, जंतूंची सवय व्हायला काही महिने लागतात. तोवर पाणी घरून उकळून न्या, माणशी किमान एक लिटर. कढईतून नुकती निघालेली भजी, तव्यावरची भाकरी आणि वाफाळतं पिठलं खुशाल द्या. दही, ताक, बर्फ, कापून ठेवलेली काकडी-कैरी मात्र सध्या नको. तरी जुलाब झालेच तर ओआरएस द्या, पण पुडीवरचं माप वाचून. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ फार होतं आणि अपाय होतो. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. मूल सुस्तावलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि रस्ता ओलांडणं मुलांकडून नव्याने घटवून घ्या. अमेरिकेत जवळची वाहनं डावीकडून येतात म्हणून मुलं आधी डावीकडे बघतात, इथे वाहनं उजवीकडून येतात. उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या असतातच, त्यामुळे शेवटपर्यंत दोन्हीकडे बघायला शिकवा.

प्रश्न : माझं भारतीय लायसन्स चार वर्षांपूर्वी संपलं. अमेरिकेतल्या लायसन्सवर स्कूटर चालवली तर चालेल का? (औंध)

उत्तर : नाही. कायमचं राहायला आल्यावर इथलंच लायसन्स लागतं. ते नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं असल्याने नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागेल. नव्याने काढायचं झाल्यास आधी शिकाऊ लायसन्स. ते सहा महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनी अर्ज करता येतो. गिअरची आणि बिनगिअरची दुचाकी हे वेगळे वर्ग आहेत, अर्ज भरताना नीट बघा.

प्रश्न : तिथला मिक्सर आणि मायक्रोवेव्ह आणला आहे. प्लगचा अडॅप्टर पुरेल का? (बाणेर)

उत्तर : अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. १२० व्होल्टचं उपकरण २३० वर लावलं की ते जळतं. मिक्सरसाठी दाब उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर चालेल. मिक्सर ५०० वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर १००० व्हीएचा (व्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप) घ्या, कारण सुरू होताना मोटर जास्त वीज ओढते. मायक्रोवेव्ह देऊन टाका. तो ६० हर्ट्झ वारंवारतेच्या विजेसाठी बनलेला असतो, इथे ५० आहे. ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही, त्यामुळे आतला भाग तापत राहतो. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर मात्र अडॅप्टर पुरे.