वाचक विचारतात : छंद म्हणून सोनं शोधताना

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. सुट्टीत मुलांना घेऊन क्रेसविक-डनॉली भागात सोनं शोधायला जायचा विचार आहे. परवानगी लागते का? सापडलेलं सोनं आपलं होतं का?

व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो आणि फी मामुली असते. परवाना जवळ ठेवा, अधिकाऱ्याने मागितला तर दाखवावा लागतो. नियम पाळून मिळालेलं सोनं तुमचंच.

नियम मात्र नीट वाचा. शोध सरकारी जमिनीवर घेता येतो, खासगी शेतात मालकाला विचारून. राष्ट्रीय उद्यानांत साधारणपणे मनाई आहे, काही उद्यानांत ठरवून दिलेले भाग तेवढे खुले असतात. काही नद्या-ओढेही वर्ज्य आहेत. म्हणून निघण्याआधी सरकारचा ‘जिओव्हिक’ नकाशा उघडून नेमकी जागा तपासा. फावडं, कुदळ, पॅन (वाळू धुऊन सोनं वेगळं करायचं उथळ भांडं), मेटल डिटेक्टर चालतात. यंत्राने खोदाई आणि सुरुंग चालत नाहीत. आदिवासी वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. खणलेला प्रत्येक खड्डा तिथल्या तिथे बुजवायचा.

मुलं बरोबर आहेत म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. १८५१ नंतरच्या सोन्याच्या धांदलीत खणलेल्या उभ्या विहिरी त्या रानात अजून उघड्या आहेत, आणि पालापाचोळ्याखाली त्यांचं तोंड दिसत नाही. मुलांना पुढे पळू देऊ नका. जुन्या खाणींच्या राडारोड्यात आर्सेनिक असतं, त्यामुळे खाण्याआधी हात साबणाने धुवा आणि मातीचे बूट घरात आणू नका. कडक उन्हाळ्यात वणवा आणि साप दोन्हींची भीती, शिवाय ओढे आटलेले. पाऊस पडून गेल्यावरचे थंड दिवस उत्तम.

प्रश्न : तीन वेळा जाऊन आलो. पॅनमध्ये शेवटी काळी वाळू उरते, सोन्याचा कण नाही. जागा चुकली की हात?

बहुतेक वेळा दोन्ही. पण हाताची परीक्षा घरी करता येते, म्हणून तिथून सुरुवात करा.

शिशाच्या छर्‍यांचे दहा बारीक तुकडे करा, हातोडीने चपटे करा आणि मोजून पॅनभर वाळूत मिसळा. परातीत पाणी घेऊन धुवा. दहाचे दहा परत मिळेपर्यंत नदीवर जाऊ नका. शिशाची घनता ११.३, सोन्याची १९.३, शिसं टिकलं तर सोनं टिकेलच. (शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, आणि हे काम मुलांना द्यायचं नाही.)

धुण्याची रीत तांदूळ रोळण्यासारखीच आहे. रोळताना खडे खाली बसतात आणि तांदूळ पाण्याबरोबर वर येतात. इथे वाळू वर येते, सोनं खाली बसतं. आधी माल अर्ध्या इंचाच्या चाळणीतून गाळा. ३५ सेंटिमीटरचं पॅन पाऊण भरा, पूर्ण पाण्याखाली धरा आणि चिकणमातीचे गोळे बोटांनी चुरा. घाई इथेच नडते : न फुटलेला गोळा सोन्याचे कण पोटात घेऊन बाहेर जातो. मग पॅन सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, दहा-पंधरा वेळा. आता खाचांची बाजू पुढे करून थोडं तिरकं करा आणि वरचा थर पाण्याच्या लाटेने जाऊ द्या. चार-पाच लाटा झाल्या की पुन्हा सपाट, पुन्हा हलवणं. नवशिके हे पुन्हा हलवणं विसरतात, नुसते धूत राहतात, आणि सोनं वाळूबरोबर निघून जातं.

काळी वाळू उरते ही चांगली खूण. ती मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं खनिज, घनता ५च्या वर, म्हणजे जड माल तुम्ही टिकवताय. ती वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या लोहचुंबकाने उचला. पिशवी मध्ये हवीच, नाहीतर चुंबकाला चिकटलेली वाळू निघता निघत नाही.

पिठासारखं बारीक सोनं कधी पाण्यावर तरंगतं. त्यावर तेलकटपणा असला की पाणी त्याला भिजवत नाही. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. नवं प्लॅस्टिकचं पॅनही आधी साबणाने घासून घ्या, कारखान्यातलं तेल त्यावर असतं.

आता जागा. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडामागे प्रवाह जिकडे वाहतो त्या अंगाला, जिथे पाणी मंदावतं तिथे जड माल पडतो. वरवरची मोकळी वाळू सोडा, कातळापर्यंत किंवा घट्ट चिकणमातीच्या थरापर्यंत जा. कातळाच्या चिरा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा, तळाचा चमचाभर गाळ काढा. काठावरच्या गवताच्या मुळ्याही बादलीत झटका.

अपेक्षाही मापात ठेवा. पाऊण भरलेल्या पॅनमध्ये सहा-सात किलो माल येतो. दिवसात पन्नास पॅन केली तर साधारण तीनशे किलो. टनाला एक तृतीयांश ग्रॅम सोनं असलेली वाळू मिळाली तरी हाती येतं एक दशांश ग्रॅम. एका तोळ्याला असे शंभराहून जास्त दिवस. पेट्रोलचा खर्च यातून निघत नाही, हे घरी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

प्रश्न : पॅनमध्ये पिवळी चमक भरपूर दिसते. सोनं कसं ओळखावं?

पॅन सावलीत न्या. अभ्रकाची चमक एका कोनात दिसते, दुसऱ्यात मरते. सोनं सावलीतही तसंच पिवळं. मग सुईचं टोक दाबा : सोनं दबतं, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज) चुरा होतो. पांढऱ्या, झिलई नसलेल्या फरशीवर घासलं तर पायराइटची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळी. ‘भरपूर’ या शब्दावरूनच आमचा अंदाज अभ्रकाचा आहे.

प्रश्न : डिटेक्टर घ्यावा का? मोठा गोळा सापडण्याची शक्यता किती?

मोठे गोळे सापडले आहेत हे खरं. १८६९ मध्ये व्हिक्टोरियातल्या मोलियागुलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा गोळा जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर मिळाला. १९८०मध्ये किंगोवरजवळ ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोंचा गोळा डिटेक्टरनेच सापडला. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

तिथली माती लोहयुक्त आहे. स्वस्त डिटेक्टर त्या मातीवरच किणकिणत राहतो. पल्स इंडक्शन जातीचा तिला पुरा पडतो, पण त्याला हजारो डॉलर लागतात. आधी भाड्याने घेऊन दोन दिवस वापरा. कॉइल (डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाची तबकडी) जमिनीलगत, अगदी सावकाश फिरवा; झोक्याच्या टोकाला ती वर उचलली जाते आणि तेवढी खोली हातची जाते. खिळे, छर्रे, डब्यांचे पत्रे दिवसभर निघतील. तरी प्रत्येक आवाज खणायचा, कारण छर्‍याचा आणि छोट्या सोन्याचा आवाज सारखाच येतो.

प्रश्न : व्हिडिओत पाऱ्याने सोनं गोळा करून तव्यावर तापवताना दाखवतात. घरी करावं का?

नाही. तापवल्यावर पाऱ्याची वाफ होते, तिला रंग-वास नसतो आणि ती मेंदू-मूत्रपिंडं बिघडवते. स्वयंपाकघरात तर कदापि नको. जुन्या खाणींच्या ओढ्यात पांढुरकं, चांदीसारखं दिसणारं सोनं मिळालं तर त्यावर जुना पारा असू शकतो. ते वेगळ्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि शुद्धीकरण करणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यात राहतो. आमच्या नदीत पॅन घेऊन बसलो तर?

साकोली पट्ट्याच्या खडकांत सोन्याच्या खुणा आहेत, तेव्हा तुमची उत्सुकता गैर नाही. (दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मात्र शोधण्यात अर्थ नाही.) अडचण कायद्याची आहे. १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही, आणि छंदासाठी मायनर्स राइटसारखी सोय आपल्याकडे नाही. भंग केल्यास कैदेची तरतूद आहे. झारखंडमधल्या सुवर्णरेखा नदीच्या वाळूतून सोनं धुणारी कुटुंबं ते पोटासाठी करतात. त्यांच्याकडे बोट दाखवून तुम्हाला सूट मिळणार नाही.

हात बसवायचा असेल तर ओळखीच्या सोनाराकडून दुकानाच्या केराची एक पिशवी मागून घ्या. आपल्याकडे झारेकरी हाच कचरा धुऊन सोनं काढत आले आहेत, आणि तुम्हाला जमतं का हे एका संध्याकाळी कळेल.