हीथ्रोच्या पबमधलं सेलरचं काम, विचारलंस म्हणून सांगतो

तुझं म्हणणं असं की बीएस्सी हॉस्पिटॅलिटी झालंय, पंढरपूरजवळचा आहेस, पुण्यातला एजंट १४ लाखांत लंडनच्या एअरपोर्टवर पबमध्ये स्टोअर आणि सेलर (बीअरचे पिंप ठेवायची खोली) असिस्टंटची स्पॉन्सरशिप देतो म्हणतोय, आणि घरात सगळे माळकरी आहेत तर तिथं दारू प्यावी लागते का. मी हेच काम करतो, अडीच वर्षं झाली, आधी स्टुडंट म्हणून आठवड्याला २० तास आणि आता ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर मिळतो तो) फुलटाइम.

पैसे देऊ नकोस भावा. २२ जुलै २०२५ पासून नवीन स्किल्ड वर्कर व्हिसाला (कंपनी स्पॉन्सर करते तो हाच) डिग्री लेव्हलचं काम लागतं आणि पगार साधारण ४१,७०० पौंड. आमच्या कामाला बऱ्याच ठिकाणी किमान वेतन, म्हणजे एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड, वर्षभर आठवड्याला ४० तास राबलास तरी साडेसव्वीस हजारांच्या आतच. मग स्पॉन्सरशिप कुठून येणार? एजंट एकतर खोटं बोलतोय नाहीतर कागदावर तुला भलताच कुणीतरी मॅनेजर दाखवणार, आणि ते पकडलं गेलं की परत जायचं तुला, त्याला नाही.

तुला खरंच बघायचं असेल तर इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम बघ. १८ ते ३० वय, डिग्री, खात्यात २,५३० पौंड, वर्षाला ३,००० जागा, बॅलटमध्ये, म्हणजे लॉटरीत, नाव टाकायला एक रुपया लागत नाही. नंबर लागला तर दोन वर्षं जवळपास कुठलंही काम करता येतं, स्पॉन्सर नको. व्हिसा फी आणि वर्षाला ७७६ पौंडांचा हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीची फी) मात्र आधी भरावा लागतो. आणि दोन वर्षांनी वाढवून मिळत नाही हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आता नोकरी. इंटरव्ह्यू माझा पंधरा मिनिटांत झाला, खरी परीक्षा एअरपोर्टच्या पासची, म्हणजे आत काम करायच्या ओळखपत्राची. मागच्या पाच वर्षांचा सगळा हिशोब द्यावा लागतो, कॉलेज, नोकरी, आणि मधे २८ दिवसांच्या वर गॅप असेल तर तेव्हा काय करत होतास ते सिद्ध करायचं. भारतात राहिलेल्या काळासाठी पोलीस क्लिअरन्स लागतं, ते कधीचं चालेल हे ऑफर आल्यावर एचआरला विचारूनच काढ. मी एक वर्ष मामाच्या दुकानात होतो, मामाचा रेफरन्स दिला साध्या जीमेलवरून, तो त्यांनी मान्यच केला नाही, शेवटी जीएसटीचे कागद, बँकेचं स्टेटमेंट आणि सीएचं पत्र असं सगळं पाठवलं. नऊ आठवडे गेले त्यात, पगार शून्य आणि हाउन्स्लोतल्या रूमचं भाडं महिन्याला साडेसहाशे चालूच. म्हणून रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिपा, कॉलेजचं पत्र, सगळं स्कॅन करून ठेव, आणि जुन्या ऑफिसातल्या माणसाला फोन करून सांग की बाबा लंडनहून मेल येईल, उत्तर दे. आपल्याकडे लोक अशा मेलला फ्रॉड समजून डिलीट करतात.

कामाचं म्हणशील तर शिफ्ट पहाटे ४ ला सुरू होते. सिक्युरिटीच्या पलीकडच्या बारना २००३ च्या लायसन्सिंग कायद्यातून सूट आहे, त्यामुळे पहिली फ्लाईट उडायच्या आधीच माणसं पिंट घेऊन बसलेली असतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ही रात्रीचीच मंडळी आहेत. एवढ्या पहाटे ट्यूब (लंडनची मेट्रो) बहुतेक दिवशी बंद असते, मी एन९ किंवा २८५ बसने जातो.

सेलर म्हणजे तळघर नव्हे, आमच्याकडे ती सर्व्हिस कॉरिडॉरमधली एक थंड खोली आहे, ११ ते १३ डिग्री. माल थेट दारात येत नाही, बाहेर तपासणी होऊन मग आत येतो, त्यामुळे आज संपलं म्हणून तासाभरात मागवता येत नाही, ऑर्डर चुकली की दिवसभर बारवाल्यांच्या शिव्या. ५० लिटरचा भरलेला केग (बीअरचा धातूचा पिंप) ६० किलोच्या वर जातो, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा जड, तो उचलायचा नाही, तिरका करून तळाच्या काठावर फिरवत न्यायचा. पहिल्या आठवड्यात मी मर्दानगी दाखवायला गेलो आणि चार दिवस कंबर धरून बसलो.

बारवरून हाक येते, लागर (केगमधली एक बीअर) गेली! मग सेलरमध्ये बघायचं, फॉब डिटेक्टर म्हणून काचेची नळी असते, केग संपला की आतला फ्लोट खाली बसून लाईन (नळापर्यंत जाणारी बीअरची नळी) बंद करतो. हँडल वर, कपलर (केगच्या तोंडावरचा जोड) फिरवून काढ, नवीन केगवर बसव, फिरव, हँडल खाली, मग नळीतली हवा सोड, बीअर भरली की फ्लोट मोकळा कर. हे शेवटचं विसरलास तर बारवरचा माणूस नुसता नळ ओढत बसतो आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं.

आठवड्यातून एकदा लाईन धुवायच्या. जांभळं केमिकल असतं, लाईन घाण असेल तर हिरवं होतं, हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय हात लावायचा नाही, कातडी जाते. आणि गॅसचा अलार्म वाजत असेल तर आत पाऊल नाही, मॅनेजर काहीही म्हणू दे. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, खाली साचतो, माणूस बसल्या जागी जातो.

स्टॉकरूमचं काम बोअरिंग आहे, जुना माल पुढे नवा मागे, मोजणी, फुटलेलं लिहून ठेवणं. फक्त खोकी फोडायचा कटर खिशात विसरू नकोस. मी एकदा तसाच बाहेर जाऊन परत आत यायला लागलो तर स्टाफ सिक्युरिटीने बाजूला घेतलं, चाळीस मिनिटं चौकशी, ब्रेक तिथेच संपला.

राहिला माळेचा प्रश्न. प्यायची सक्ती कुणी करत नाही. पण ज्या पबमध्ये कास्क एल असते तिथं सकाळी थोडी चाखून बघणं हा कामाचाच भाग असतो, कारण ती जिवंत बीअर, पिंपातच मुरते, खराब झाली तर चवीलाच कळतं. आमच्याकडे एक गुजराती मुलगा आहे, स्वामिनारायणवाला, तो ग्लास उजेडात धरून गढूळ आहे का बघतो, वास घेतो आणि चाखायला मला हाक मारतो. सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्याने, कुणाला काही वाटलं नाही. पण पिंपाला मोगरीने तोटी ठोकताना अंगावर उडतेच, आणि घरी जाताना बसमध्ये कपड्यांना वास येतो तो येतोच. ते तुला चालणार आहे का हे तूच ठरव. माझ्या आजीला मी विमानतळावर गोडाऊनला आहे एवढंच माहितेय.

बॅलट आत्तापर्यंत फेब्रुवारीत आणि जुलैत उघडलाय, दोनच दिवस असतो, त्यामुळे पासपोर्टचा स्कॅन मोबाईलमध्ये तयार ठेव आणि फॉर्म स्वतः भर, एजंटला सांगू नकोस.