स्कूटरच्या सायलेन्सरमधली जाळी काढली तर ॲव्हरेज वाढतं का? ती जाळी करते तरी काय?

नाही, वाढत नाही. तुमच्या मेकॅनिकनं काढायला सांगितली असेल तरी काढू नका. परभणीत माझं गॅरेज आहे आणि हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो.

ती नुसती जाळी नाही, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेला धातूचा तुकडा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा अगदी पातळ थर. इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर येतात. त्या भोकांतून जाताना त्यांचं कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होतो. पण जाळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं धुराला वास येतो.

दुसरी अट हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची. १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि स्कूटरचा कार्ब्युरेटर गेला, पेट्रोलचं इंजेक्शन आलं. आता एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती प्राणवायू उरलाय ते बघतो आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणजे पेट्रोलचा हिशोब सेन्सर ठेवतो, जाळी नाही. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत इंजिनाचं हेड आणि एअर फिल्टरच्या मधे एक बारीक नळी दिसायची. ती एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा सोडायची, उरलेलं पेट्रोल तिथंच जळावं म्हणून. ती नळी बुजवून टाकणारेही मी पाहिलेत. फार वाईट वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात एका मॅडमची स्कूटर आली. सायलेन्सरवर बोटानं टकटक केलं तर आत खुळखुळा वाजला. उघडलं तर जाळी जळून सैल पडलेली. दोष स्पार्क प्लगचा होता. दोन महिने गाडी मिसिंग करत होती, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकत होती, न जळलेलं पेट्रोल थेट जाळीत जाऊन पेटत होतं. प्लग किरकोळ पैशांत आला असता, त्यांना आख्खा सायलेन्सर बदलावा लागला. पिस्टन रिंग झिजून ऑइल जळत असेल तरी जाळी अशीच जाते. निळा धूर दिसला की थांबू नका.

ॲव्हरेज पडलंच असेल तर आधी एअर फिल्टर काढून बघा. आपल्याकडं मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, कापसाचा भुसा आणि रस्त्याचा फुफाटा यांनी तो फार लवकर भरतो. पिकअप पडतो, मग माणूस ॲक्सिलरेटर जास्त पिळतो. मग टायरची हवा आणि मागचा ब्रेक घासतोय का ते बघा.

आणि पेट्रोल काठोकाठ भरू नका. टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात साठते आणि गाडी चालताना इंजिन ती ओढून जाळतं. काठोकाठ भरलं की त्या डब्यात पातळ पेट्रोलच शिरतं, कोळसा भिजतो आणि मग ४२ अंशांच्या उन्हात गाडीभोवती पेट्रोलचा वास सुटतो. पंपावर पहिला ऑटो कट झाला की नोझल काढायला सांगा.