आधी वय ठरव, मग जिवाणू मोज

वयानुसार प्रवाळातले जिवाणू कसे बदलतात हे पाहायचं, तर नमुने गोळा करायची घाई करू नकोस. आधी प्रवाळाच्या वसाहतीचं वय कसं ठरवणार, ते पक्कं कर. नुसत्या आकारावर विसंबून राहू नकोस. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची फांदी मोडून पडली की दुसरीकडे रुजते. वीतभर दिसणारी वसाहत जुन्या प्रवाळाचा तुकडा असू शकते. पोराइटिस या गोलसर प्रवाळाचं बरं असतं. सांगाड्याच्या पातळ कापाचा एक्स-रे काढला की झाडाच्या वलयांसारखे वर्षावर्षाचे पट्टे दिसतात, साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष.

ॲक्रोपोराची अंडी पाण्यातच फळतात, म्हणून पिल्लांना बरेचसे जिवाणू समुद्रातून मिळतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या पिल्लांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त प्रकारचे जिवाणू सापडले आहेत. प्रौढांत बऱ्याचदा एंडोझोइकोमोनास या एकाच गटातल्या जिवाणूंचं राज्य. एवढ्या गर्दीतून कोण टिकतं, हे पाहण्यासारखं सुंदर काम दुसरं नाही.

आणि हो, चिकट स्राव, ऊती, सांगाडा यांतले जिवाणू वेगवेगळे असतात. त्यामुळे प्रत्येक वयाच्या वसाहतीतून तोच एक भाग घे. शेजारच्या पाण्याची बाटलीही भर. पहिल्या खेपेला मी ती भरली नव्हती, आणि प्रवाळातले कोण, नुसते वाहत आलेले कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.