हिवाळी शर्यतीनंतरचे बधिर पाय

प्रश्न : जानेवारीत इंग्लंडमधील ‘पेनाइन वे’ या पायवाटेवरची 268 मैलांची शर्यत मी पूर्ण केली. घरी परतून बरेच आठवडे झाले, तरी पायांची बोटे बधिर आहेत. आई रोज गरम पाण्याचा शेक घ्यायला लावते. सराव कधी सुरू करावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आईंची माया मान्य करूनही शेक आधी थांबवावा, कारण बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि भाजल्याचे फोड आल्यावरच ध्यानात येते. सुमारे 431 किलोमीटरचे हे अंतर 168 तासांच्या मुदतीत कापताना पाय दिवसेंदिवस ओले आणि गार राहतात, शिवाय बुटात दाबले जातात. अशा दुखावलेल्या नसा सावरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवाच, आणि बोट काळे पडले किंवा जखम चिघळली, तर त्याच दिवशी. सैल मोजे घालावेत, तळवे रोज पाहावेत. बधिर पायांचा तोल फसवा असतो, म्हणून जांबोटीचे चढ तूर्त नकोत; बेळगावच्या किल्ला तलावाकाठी सपाटीवर चालावे. पुढच्या शर्यतीची नावनोंदणी (तो मोह होणारच!) बोटांना स्पर्श नीट कळू लागेपर्यंत लांबवावी.